ट्रेलरचा नळ पहाटे कोरडा पडतो: बर्फ कुठं अडकलाय ते पंपाच्या आवाजावरून ओळखा

लागोपाठ तीन हिवाळे आमच्या ट्रेलरचं पाणी गोठलं. चौथ्या हिवाळ्यात एकदाही गोठलं नाही. मधल्या काळात काय बदललं ते इथं सविस्तर लिहिते. आता आपल्याकडूनही बरीच मंडळी कॅराव्हॅन घेऊन थंडीत हिमाचलाकडं निघतात आणि सगळ्यांची पहिली चूक तीच होते, जी माझी झाली.

आधी आमची मांडणी सांगते. ट्रेलर १६ फुटी, साताऱ्याच्या एमआयडीसीत एका फॅब्रिकेटरकडून बनवून घेतलेला. ९० लिटरची पाण्याची टाकी, १२ व्होल्टचा डायफ्रॅम (रबरी पडद्याचा) पंप, १० लिटरचा गिझर, ओट्यावर एक नळ, न्हाणीत एक नळ आणि हँडशॉवर. डिसेंबर-जानेवारीत आम्ही तिघं जातो: हे, मी आणि सासूबाई. गाडी ह्यांच्याकडं, पाणी माझ्याकडं, अशी वाटणी आहे. सासूबाईंना पहाटे पाचला गोळी घ्यायला कोमट पाणी लागतं. हिमाचलातल्या नारकंड्याच्या पहिल्याच पहाटे त्या अंधारात नळाखाली पेला धरून उभ्या होत्या. एक थेंब पडला आणि पुढं काहीच नाही. त्या काही बोलल्या नाहीत, पेला ठेवला आणि गोळी तशीच कोरडी गिळली. तो पेला माझ्या डोळ्यांपुढून जात नाही, म्हणून हा विषय मी तडीस नेला.

आधी पंप ऐका

नळ कोरडा दिसला की आपण धावतो टाकीकडं. तसं करू नका. नळ पूर्ण उघडा, पंपाचं बटण दाबा आणि कान द्या. तीन वेगवेगळे आवाज येतात आणि तिन्हींचा अर्थ वेगळा आहे.

पंप दोन-तीन सेकंद चालला आणि स्वतःहून गप्प झाला, तर पंप ठीक आहे आणि टाकीतून पाणीही येतंय. या पंपांना दाबावर चालणारा स्विच असतो. पुढं वाट बंद असल्यामुळं दाब पटकन चढतो आणि स्विच पंप बंद करतो. म्हणजे बर्फ पंप आणि नळ यांच्या मधे आहे. आता ओट्याचा गार नळ, मग गरम, मग न्हाणीतला, असं एकेक करून बघा. गरम बाजू चालू आणि गार बंद असेल तर दोन्ही वाटा जिथं फुटतात त्या टी जोडाच्या पुढं, गार पाण्याच्या फाट्यात अडथळा आहे. दोन्ही बंद असतील तर टीच्या अलीकडं.

पंप थांबतच नाही, मोकळा घरघर चालतोय, तर त्याला खालून पाणीच मिळत नाही. टाकीत पाणी आहे ना तेवढं बघून घ्या, आणि असेल तर टाकीचा तोंडाचा जोड नाही तर पंपाआधीची गाळणी गोठलीय असं समजा. आमच्या अनुभवात दहापैकी आठ वेळा ती गाळणीच असते. पारदर्शक प्लास्टिकची वाटी, त्यात चमचाभर पाणी. सगळ्या यंत्रणेत सगळ्यात आधी तीच गोठते आणि तीच तडकते.

तिसरा आवाज वाईट. पंप नुसता गुणगुणतो, फिरत नाही, किंवा फ्यूज उडतो. पंपाच्या डोक्यातच बर्फ आहे. लगेच बटण बंद करा. दोन-तीनदा प्रयत्न करून बघू म्हणालात तर मोटर जळेल नाही तर आतला रबरी पडदा फाटेल. मी पहिल्या वर्षी चार वेळा बटण दाबलं होतं. तो पंप तिथंच गेला.

टाकी का गोठत नाही आणि एल्बो (पाइप वळवणारा जोड) का गोठतो

माझा भाऊ मिरजेत शीतगृहांची कामं करतो. तासगाव-सांगली पट्ट्यात बेदाण्याची जी शीतगृहं आहेत, त्यांच्या मशिनरीत त्याचं आयुष्य गेलं. दुसऱ्या वर्षी मी रडकुंडीला येऊन त्याला फोन केला आणि सांगितलं, दादा, मी टाकीला चहूबाजूंनी फोम गुंडाळला, खाली हीटिंग पॅड लावला, तरी नळ बंद. तो म्हणाला, "अगं, टाकीला काय होतंय? ९० लिटर पाणी एका रात्रीत गोठवायचं म्हणजे चेष्टा आहे का? तू बोटाएवढ्या पाण्याचं काय केलंस ते सांग."

मग त्यानं हिशेब समजावला. एक किलो पाणी ८० अंशांवरून शून्यावर आणायला जेवढी उष्णता काढावी लागते, जवळजवळ तेवढीच पुन्हा काढावी लागते शून्य अंशाच्या पाण्याचा बर्फ व्हायला. टाकीत एवढा साठा असतो की रात्र संपते, कडेला पापुद्रा धरतो आणि ऊन येतं. पाइपात मात्र फुटाला जेमतेम चार-पाच चमचे पाणी, आणि चहूबाजूंनी उघडं. त्यातही एल्बो, व्हॉल्व्ह, युनियन (दोन पाइप जोडणारा, खोलता येणारा जोड) हे जोड बहुतेक वेळा फरशीच्या भोकाजवळ किंवा चेसिसला टेकलेले असतात, तिथून वारा थेट लागतो. पितळी जोड असेल तर तो प्लास्टिकपेक्षा कितीतरी लवकर गार पडतो. थेंबभर पाणी तिथं गोठलं की मागच्या ९० लिटरचा काही उपयोग नाही.

हे मला पटलं ते हिमाचलातल्याच कल्प्याला. दुपारी हे बाजारात गेले होते, मी न्हाणीखालचा एल्बो हॅक्सॉ ब्लेडनं कापून काढला. हातावर उपडा केला तर आतून बोटाच्या एका पेराएवढा बर्फाचा तुकडा घसरून तळव्यावर आला. काचेसारखा स्वच्छ, एका बाजूला एल्बोचं वळण उमटलेलं. त्याच्या अलीकडं आणि पलीकडं पाइपात पाणी पातळच होतं. एवढ्याशा तुकड्यानं आख्खा ट्रेलर बंद पाडला होता.

आणि तो पाइप तिथं फुटला नव्हताच. फुटला होता हातभर पुढं, नळाच्या बाजूला. हेही दादानंच सांगितलं. पाण्याचा बर्फ होताना तो साधारण ९ टक्के फुगतो. बर्फ वाढत जातो तसं पुढचं पाणी बंद नळाकडं रेटलं जातं, त्याला जायला वाट नसते, दाब चढत जातो आणि कमजोर जोड उघडतो. नळ उघडा असेल तर तेच पाणी निवांत बाहेर येतं. म्हणून या लेखातली एकच गोष्ट करणार असाल तर ही करा: रात्री पंप बंद, सगळे नळ उघडे.

जे करून फसले

फोम. एसीच्या पाइपाला घालतात तो काळा फोम मी ३० फूट लावला. वाईट नाही, आजही आहे. पण फोम उष्णता तयार करत नाही, असलेली हळू जाऊ देतो. सिमेंटच्या खांबाला स्वेटर घातला म्हणून खांब गरम होत नाही. बोटाएवढ्या पाइपाला फोमनं दोन-चार तास मिळतात आणि हिमाचलातली रात्र तेरा-चौदा तासांची असते.

नळ बारीक सोडून ठेवणं. घरांमध्ये चालतं, ट्रेलरमध्ये नाही. पहाटेपर्यंत अर्धी टाकी सांडपाण्याच्या टाकीत जाते आणि तिचं तोंड गोठून बसतं. एक अडचण काढून दुसरी घेतल्यासारखं.

टाकीखालचा हीटिंग पॅड. वर सांगितलंच. बॅटरी खाल्ली, नळ कोरडा.

सगळ्या पाइपांना हीटिंग केबल. ही खरोखर काम करते, पण विजेचा हिशेब करून बघा. मीटरला १२ वॉट धरले तर ५ मीटरला ६० वॉट, म्हणजे १२ व्होल्टवर ५ अँपिअर, दहा तासांत ५० अँपिअर-अवर. १०० च्या बॅटरीतली निम्मी एकट्या पाण्यानं संपली. त्यात लेड-ॲसिड बॅटरी थंडीत तशीच कमी देते, आणि लिथियम फॉस्फेटची असेल तर ती शून्याखाली असताना चार्ज करायची नाही, तिचं कायमचं नुकसान होतं. जिथं रात्रभर बाहेरून वीज मिळते तिथं केबल लावा, नाही तर नको.

जे टिकलं

दादानं एक प्रश्न विचारला आणि सगळं सरळ झालं: "रात्री तुला पाइपात पाणी कशाला हवंय?" खरंच कशालाच नको होतं. रात्री दहा ते सकाळी आठ नळ वापरायचाच नाही, पाणी लागेल तेवढं थर्मासमध्ये आणि एका पाच लिटरच्या कॅनमध्ये भरून आत ठेवायचं. सासूबाईंचं पहाटेचं पाणी आता थर्मासमधून येतं. मग राहिलं काय, तर झोपण्याआधी पाइप पूर्ण रिकामे करणं, आणि ते पाच मिनिटांत होईल अशी जोडणी करणं.

जोडणीत तीन बदल केले. टाकी चेसिसखालून काढून पलंगाखाली आत घेतली. मजबूत काम करायचं, टाकी भरली की ९० किलो होते, ब्रेक मारल्यावर ती जागेवर राहिली पाहिजे. दुसरं, पंप आणि गाळणी एका पेटीत बसवले. शीतगृहांच्या भिंतींना जे पफ पॅनल (कडक फोमचे तक्ते) वापरतात त्याचे उरलेले ५० मिलिमीटर जाडीचे तुकडे दादानं दिले, त्याची पेटी केली. आत १५ वॉटचा छोटा पॅड आणि ३ अंशांवर चालू होणारा थर्मोस्टॅट. एवढ्याशा बंद पेटीला १५ वॉट पुरून उरतात. पफ गॅसच्या शेगडीपासून लांबच ठेवा, पेटल्यावर त्याचा धूर घातक असतो. तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं: गार आणि गरम दोन्ही लाइनींना सगळ्यात खालच्या जागी एकेक बॉलव्हॉल्व्ह. सगळा पाइप त्या बाजूला किंचित उतरता घेतला. पाइपाला मधे झोळ पडला तर त्या झोळात पाणी राहतंच, म्हणून दर फुटाला क्लॅम्प मारले. फुटलेला कडक पाइप काढून पेक्स (लवचीक प्लास्टिकचा पाइप) घातला. तो थोडा ताणला जातो, लगेच तडकत नाही.

आता रात्रीचा क्रम असा आहे. टाकीच्या तोंडाचा कॉक बंद. गिझरची वीज बंद, ही आधी, कारण रिकामा गिझर तापला की कॉइल जाते. हवा आत यायला गाळणीची वाटी जराशी सैल करून, नळ उघडून पंप चालू ठेवायचा, पाणी संपून नुसती हवा यायला लागली की आणखी दहा-पंधरा सेकंद चालवायचा म्हणजे पंपाचं डोकं कोरडं होतं, आणि मग बंद. खालचे दोन्ही बॉलव्हॉल्व्ह उघडायचे. एकाच दांडीचा मिक्सर नळ असेल तर दांडी मधोमध ठेवा. एका बाजूला राहिली तर दुसऱ्या लाइनीला हवा मिळत नाही आणि पाणी वर लटकून राहतं. स्ट्रॉमधून शीतपेय ओढून वर बोट धरलं की जसं राहतं, तसं. हँडशॉवर हुकवरून काढून खाली ट्रेमध्ये ठेवायचा. त्याच्या नळीत पेलाभर पाणी असतं आणि आम्ही दोन वर्षं ते विसरत होतो. गाळणीची वाटी फिरवून काढायची, झटकायची आणि ओट्यावर ठेवायची. सकाळी ती जागेवर दिसली नाही की पंप चालवायचा नाही हेही आपोआप लक्षात राहतं. गिझरमधलं पाणी रोज काढत नाही. त्याला स्वतःचा फोम आहे, साठा आहे, आणि तो आत आहे. उणे दहाच्या खाली जायची चिन्हं असतील तरच पाणी निवल्यावर त्याचा बूच काढतो.

पंपात उलट्या दिशेनं पाणी जाऊ न देणारा व्हॉल्व्ह असतो हे विसरू नका. खालचा कॉक उघडला की पंपापलीकडचं पाणी उतरतं, पण टाकी आणि पंपामधलं तिथंच राहतं. म्हणून टाकीचा कॉक बंद करून पंप कोरडा चालवायची पायरी चुकवायची नाही.

मुक्काम एका जागी चार-पाच दिवसांचा असेल तर ट्रेलरभोवती खालून ताडपत्री लावा, जमिनीपर्यंत. वारा थांबला की निम्मं काम होतं. भुसभुशीत बर्फ पडला असेल तर तो फावड्यानं ताडपत्रीवर ओढून लावा, त्यात हवा अडकलेली असते आणि तो चांगलं पांघरूण होतो. आणि सिंकखालच्या कपाटाची दारं रात्री उघडी ठेवा, खोलीतली ऊब तिथपर्यंत गेली पाहिजे.

हवा मारून शेवटचा थेंब काढणं

ट्रेलर काही दिवस न वापरता थंडीत उभा राहणार असेल तर उताराच्या भरवशावर राहू नका. टायरमध्ये हवा भरायचा १२ व्होल्टचा छोटा पंप बहुतेकांच्या गाडीत असतो. पंक्चरवाल्याकडून ट्यूबलेस टायरचा एक व्हॉल्व्ह घ्या, अर्धा इंची एंड कॅपला भोक पाडून त्यात ओढून बसवा, आणि बाहेरून पाणी जोडायच्या तोंडावर ती कॅप आवळा. झालं साधन. दाब ३० ते ३५ पीएसआय, म्हणजे कारच्या चाकात भरतो तेवढाच. पंक्चरच्या दुकानातला मोठा कॉम्प्रेसर थेट लावू नका, त्याचा दाब तिप्पट-चौपट असतो, जोड उडतील. एका वेळी एकच नळ उघडायचा, सगळ्यात लांबचा आधी. दाब भरू द्या, नळ खटकन उघडा, पाणी फवाऱ्यासारखं येईल, बंद करा, पुन्हा भरा. छोट्या पंपाला वेळ लागतो, चार-पाच फेऱ्या करा.

यानंतर सिंकखालच्या वळणात पाणी राहतंच. प्लास्टिकच्या वळणात अर्धा लिटर पाण्याला १०० ग्रॅम मीठ टाकलं की उणे १० पर्यंत ते गोठत नाही. धातूच्या वळणात मीठ नको. आणि कृपा करून पाण्याच्या लाइनीत गाडीचा कूलंट घालू नका. त्यात बहुधा इथिलीन ग्लायकॉल असतं, ते विष आहे, आणि चवीला गोड असल्यामुळं कळतही नाही. घालायचंच असेल तर खाद्य दर्जाचं प्रॉपिलीन ग्लायकॉल घ्या, तेही फक्त उभ्या ट्रेलरसाठी, आणि वापरायच्या आधी दोन टाक्या पाणी वाहून जाऊ द्या.

गोठलंच तर

नळ उघडा ठेवा, पंप बंद. हेअर ड्रायर नाही तर गरम पाण्यात पिळलेलं फडकं, आणि सुरुवात नळाच्या बाजूनं करत अडथळ्याकडं जायची, म्हणजे वितळलेलं पाणी बाहेर पडायला वाट राहते. मधूनच सुरुवात केली तर दोन्हीकडं बर्फ आणि मधे तापलेलं पाणी, जोड सुटतो. मेणबत्ती, लायटर, ब्लोटॉर्च अजिबात नको. वितळल्यावर लगेच पंप लावून निघून जाऊ नका. फट पडलेली असली तरी बर्फानंच ती बुजलेली असते, गळती दुपारी कळते. फरशी कोरडी पुसा, जोडांखाली वर्तमानपत्र अंथरा, तासाभरानं बघा.

एक गोष्ट मी हात जोडून सांगते. पाइप गरम राहावेत म्हणून ट्रेलरमध्ये शेगडी पेटवून किंवा कोळशाची अंगीठी ठेवून झोपू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपलेला माणूस उठत नाही. पाइप दोनशे रुपयांचा आहे.

महाबळेश्वरला रंगीत तालीम

निघण्याआधी दरवर्षी आम्ही मेढा, केळघर घाटानं महाबळेश्वरला जाऊन एक रात्र काढतो. वेण्णा लेक आणि लिंगमळ्याच्या भागात थंडीत गाड्यांच्या टपांवर, स्ट्रॉबेरीच्या पानांवर दव गोठून हिमकण होतात हे आपल्याकडं सगळ्यांना माहीत आहे. तेव्हा हवेचं तापमान मात्र शून्याच्या बरंच वर असतं. निरभ्र रात्री गाडीचा टप, पान, फळी ही आकाशाकडं उष्णता टाकून हवेपेक्षाही गार होतात, त्यात जड गार हवा तळ्याच्या खोलगट भागात येऊन बसते. म्हणून फक्त महाबळेश्वर-पाचगणीपुरतं जाणार असाल तर वरचं सगळं करायची गरज नाही. पाइप तिथं फुटणार नाही. बाहेरची नळी सोडून ठेवा, गाळणी रिकामी करा, पुरे.

पण तालमीला जागा उत्तम आहे. अंधारात, हात गारठलेले असताना, टॉर्च दातात धरून खालचा बॉलव्हॉल्व्ह सापडतो का आणि फिरतो का, हे साताऱ्यात अंगणात कळत नाही. मागच्या तालमीत कळलं की गरम लाइनीचा व्हॉल्व्ह पलंगाच्या पायामागं गेलाय, हात पोचत नाही. परत आल्यावर त्याची दांडी वळवून घेतली. कल्प्याला त्या रात्री हे कळलं असतं तर पुन्हा एल्बो कापायची वेळ आली असती.

एक अडचण अजून सुटलेली नाही. सांडपाण्याच्या टाकीची सरकती झडप बाहेर, चेसिसखाली आहे आणि कडाक्याच्या थंडीत ती चिकटते. जोर लावून ओढायची नाही, मूठ तुटून हातात येते. सध्या आम्ही ती टाकी संध्याकाळी, ऊन असतानाच, नेमून दिलेल्या जागी रिकामी करतो, आत दोन मुठी मीठ टाकतो आणि झडपेला सिलिकॉन ग्रीस लावतो. तरी अडली तर किटलीभर कोमट पाणी, उकळतं नाही, झडपेवर सावकाश ओतायचं आणि पाच मिनिटं थांबायचं. येत्या पावसाळ्यात तिच्याभोवतीही पफची पेटी करायची आहे. दादानं तुकडे बाजूला काढून ठेवलेत.